न ऐकता वाचणारी मुलं

मला शिरूरला पाठवलं ते शंका घेण्यासाठी.

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या वाचा-उपचार विभागाला एक मदतनीस हवा होता. पक्षाघातानं किंवा अपघातानं ज्यांचं बोलणं बिघडलं आहे, त्यांच्या तोंडून नेमके कोणते आवाज निघतात हे कागदावर उतरवण्याचं काम. माणसाला काय म्हणायचं होतं ते लिहायचं नाही. काय निघालं तेवढंच लिहायचं. शिरूरच्या एका महाविद्यालयातून विभागाला पत्र आलं होतं: आमची काही मुलं आवाजाचं छापील चित्र बघून, एक अक्षरही न ऐकता, काय बोललं गेलं ते सांगतात. विभागप्रमुख जोगळेकर मॅडम माझ्या जुन्या ओळखीच्या. असंच पत्र पूर्वी दुसरीकडून आलं होतं आणि ती मुलं चित्रं पाठ करून आली होती. ते कळायला त्यांना दोन महिने लागले. म्हणून या वेळी परीक्षेआधी कुणीतरी चार दिवस मुलांबरोबर राहून बघावं, असं त्यांनी ठरवलं. मी वीस वर्षं बातमीदारी केली आहे. "तुला कुणाचंच काही खरं वाटत नाही, तेव्हा तूच जा," असं त्या म्हणाल्या. परीक्षा शुक्रवारी दौंडला, मॅडमच्या महिन्याच्या शिबिराच्या वेळी. जागा एक.

सोमवार, शिरूर

वर्ग रसायनशास्त्राच्या जुन्या कोठीत भरतो. कपाटांना अजून आम्लाचा वास आहे. सहा मुलं, एक लांब टेबल, आणि भिंतीवर एकाला एक चिकटवलेल्या कागदांची दोन मीटर लांबीची करडी पट्टी. शिक्षक शेलार सर पन्नाशीचे, कोल्हापूर शहरातले. भाषाशास्त्र शिकलेले, शिकवतात मराठी. हा वर्ग अभ्यासक्रमात नाही. दुपारी दोन ते चार, स्वतःहून.

पट्टी कशी वाचायची ते सरांनी मला दहा मिनिटांत सांगितलं. डावीकडून उजवीकडे वेळ जातो. खालून वर स्वराची उंची चढते. आवाज जिथे जोरकस तिथे शाई दाट. 'स' म्हणजे पट्टीच्या वरच्या भागात दाट धूर. 'श'चा धूर थोडा खाली उतरतो. 'प', 'त', 'क' म्हणजे कोरी जागा आणि तिच्या टोकाला ब्लेडने चिरल्यासारखी उभी रेघ. 'ब', 'द', 'ग' असेल तर त्या कोऱ्या जागेच्या तळाशी काळी पट्टी उरते. स्वर म्हणजे आडवे जाड पट्टे, 'ई'चे एकमेकांपासून लांब, 'आ'चे जवळ जवळ. 'चहा'तला आणि 'चाका'तला 'च' आपण एकाच अक्षराने लिहितो, पट्टीवर ते दोन निराळे आवाज आहेत. हे मी डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे ते मान्य केलं.

मग किरण उठला. किरण शिरूरचाच, टोपी उलटी घालणारा, वर्गातला सगळ्यांत जलद वाचणारा. सरांनी गठ्ठ्यातली एक पट्टी त्याच्यासमोर ठेवली. त्याने डाव्या टोकाकडे पाहिलं, मधे एकदा बोट ठेवलं आणि म्हणाला, "कालच्यापेक्षा फॅट कमी लागलंय."

सरांनी संगणकावर आवाज लावला. एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज तेच वाक्य म्हणाला.

प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात क्रमांक होता. मी पुढच्या पाच पट्ट्यांचे कोपरे फाडून टाकले आणि गठ्ठा पिसला.

"ताई पत्ते पिसत्यात," किरण म्हणाला. "वाटा आता."

पाचही पट्ट्या बरोबर वाचल्या गेल्या. तीन किरणने, दोन वैशाली नावाच्या मुलीने. ती न्हावऱ्याची, एकवीस वर्षांची. वाचताना ओठ हलवत नव्हती आणि वाचून झाल्यावर सरांकडे बघत नव्हती.

माझ्या आवाजातलं एक वाक्य छापून द्यावं, असं मी सुचवलं. सरांनी लगेच होकार दिला, माझा आवाज टिपला, छपाईचा हुकूम दिला. यंत्रातून कागद बाहेर आला तो जवळजवळ पांढरा. शाई संपली होती आणि नवी शाई कार्यालयातून मंजूर व्हायला दोन दिवस लागणार होते. अडचण सोयीच्या वेळी आली, असं मी वहीत लिहिलं.

मंगळवार, न्हावरे

राहण्याची सोय वैशालीच्या घरी झाली. न्हावऱ्याच्या फाट्यापासून आत, उसाच्या दोन पट्ट्यांमधून गेलेला रस्ता, पत्र्याचं घर, तीन गायी, मागे कांद्याची ऐरण. ऐरण म्हणजे जाळीचा लांब पिंजरा, वारं खेळतं ठेवणारा. पुण्यात कांदा जाळीच्या पिशवीत टांगतात, इथे त्याला खोलीएवढी जागा असते. तिच्या आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती. आता वडिलांकडे दोन एकर आहेत. मेंढरांचं फक्त एक घोंगडं उरलं आहे, आणि ते पाहुण्याला बसायला टाकतात.

वैशालीच्या आईला माझं काम समजावून घ्यायचं होतं.

"तुम्ही परीक्षा घेनाऱ्या का?"

"नाही. मी फक्त बघणार."

"बघून काय करनार?"

"लिहून देणार."

"म्हंजी त्याच की," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. पिठाच्या वळ्या लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या, सोबत बाजरीची भाकरी. पुण्यात ताट वाढताना 'घेणार का' विचारतात. इथे प्रश्न नसतो, वाटी रिकामी झाली की ती भरते. मी तिसऱ्या वाटीला हात आडवा धरला. त्या थांबल्या नाहीत.

वाढता वाढता त्यांनी हकिगत सांगितली. रांजणगावच्या एका कंपनीत वैशालीचा मामा आहे. त्याने तिथल्या पॅकिंग लाइनवर तिच्यासाठी शब्द टाकला आहे. कंपनीची बस फाट्यावर थांबते. शुक्रवारी दौंडला निवड झाली नाही, तर सोमवारपासून पहिली शिफ्ट. मामाला तसं सांगून झालं आहे.

"चांगलं काम हाय. सावलीतलं."

"कानात बोळे घालावे लागत्यात तिथं," वैशाली म्हणाली.

"मंग घाल की. तुला काय गानं ऐकायचंय?"

दुपारी वैशालीने तिच्याकडच्या पट्ट्या मला दाखवल्या, दोन वर्षांच्या. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मी त्या अंगणात अंथरल्या आणि एकेक बघत गेले. मला वाचता येत नव्हतं, पण बहुतेक पट्ट्यांच्या डाव्या टोकाला, बोलणं सुरू होण्याआधी, एक गोष्ट सारखी होती. केसासारख्या बारीक दोन आडव्या रेषा, अगदी सरळ, फूटपट्टीने आखल्यासारख्या. माणसाच्या आवाजाची रेषा इतकी सरळ नसते, हे मला एव्हाना माहीत झालं होतं.

"हे काय आहे?"

"मशीनचं हाय ते," ती म्हणाली. "डेअरीतलं."

पट्ट्या जमवायची जागा कोणती, हा प्रश्न मी सोमवारी विचारायला हवा होता. तो विचारला नव्हता.

बुधवार, न्हावरे आणि इनामगाव

दूध संकलन केंद्राला इथे सगळे डेअरी म्हणतात. सकाळी साडेसहाला तिथे तीसेक माणसं किटल्या घेऊन रांगेत होती. केंद्र चालवतात बबन आप्पा. वय सत्तरच्या आसपास, स्वेटरवर उपरणं, आवाज खणखणीत. काउंटरवर वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र, आणि यंत्राशेजारी खोक्याएवढा ध्वनिमुद्रक. वरती हाताने रंगवलेली पाटी: 'इथे बोलणे टिपले जाते. नको असल्यास बोलू नये.'

ही पाटी आप्पांनी लावली. सरांनी पहिल्यांदा घरोघर जाऊन आवाज मागितले होते, तेव्हा गावाने त्यांना परत पाठवलं होतं. आवाज दिला की त्याच आवाजात कुणीतरी नातेवाइकांना फोन करतं, अशा गोष्टी तोवर सगळ्यांच्या कानावर आल्या होत्या.

"म्या बी सांगितलं सरांना," आप्पा म्हणाले. "अंगठा दिला, डोळा दिला, आता आवाज मागताय. मागं काय ऱ्हायलं? पन सर मानूस सरळ. मंग म्हनलं, मागू नका. हितं ठिवा. बोलायचं तो बोलंल, न्हाई त्यो न्हाई."

काही जण खरोखरच बोलत नाहीत. माझ्यासमोर एका गृहस्थाने किटली ठेवली, बोटांनी कोड क्रमांक दाखवला, फॅट बघून कपाळावर हात मारला, दोन्ही हात जोडले आणि गेला. तोंडातून ब्र नाही.

"आठ म्हैनं झालं, आसंच चाललंय त्याचं," आप्पा म्हणाले. "बायको म्हन्ती, घरी बी सवय लावा."

मी अर्धा तास उभी राहिले. दूध मापात ओतलं जातं. नमुना यंत्राखाली जातो. यंत्र दोनदा वाजतं, टीप टीप. त्यानंतर आप्पा फॅट सांगतात. मग समोरचा माणूस तक्रार करतो, आणि आप्पा तीनपैकी एक उत्तर देतात: पेंड बदल, पाणी कमी पाज, किंवा मशीन माझं सोयरं लागतं का. क्रम चुकत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्या घरातल्या मुलांना हा क्रम पाढ्यांसारखा येत असणार.

मी काउंटरकडे पाठ केली. यंत्र वाजलं की आप्पा आता काय म्हणणार ते वहीत आधी लिहायचं आणि मग ऐकायचं, असं दहा वेळा केलं. सात वेळा माझं वाक्य जवळजवळ बरोबर आलं. मला या विद्येतलं काहीही येत नाही.

दुपारी सरांनी सगळ्या मुलांना इनामगावला बोलावलं होतं. घोड नदीच्या काठी तिथे काही हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीचं उत्खनन झालेलं आहे. आज पाहणाऱ्याला दिसतात ती बाभळी, थोडी उंचवट्याची जमीन आणि शेजारचं गव्हाचं रान. किरणच्या मोटरसायकलवर मी मागे बसून गेले. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरला जागा देताना आम्ही दोघेही ओल्या पाटात उतरलो. त्याचा एक बूट आणि माझी वही भिजली. वहीतलं बुधवार सकाळचं पान वाचण्यापुरतं राहिलं.

उंचवट्यावर बसल्यावर मी सर्वांसमोर विचारलं. "पट्टीच्या सुरुवातीच्या दोन रेषा दिसल्या की पुढचं वाक्य तुम्ही वाचता की ओळखता?"

किरण हसला. "ताई, मशीन वाजल्यावर आप्पा काय भजन म्हननार हायती का? फॅटच सांगनार."

सरांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांच्या घरी कोल्हापुरात दूध पिशवीतून येत असे. डेअरीच्या रांगेत ते कधी उभे राहिलेले नव्हते. सकाळी ध्वनिमुद्रक चालू करून ठेवणं हे काम मुलं करत, सर दुपारी पट्ट्या छापत. त्या दोन रेषांना ते इतके दिवस 'बाहेरचा गोंगाट' म्हणत आले होते आणि मुलांना त्याकडे दुर्लक्ष करायला सांगत होते.

"तुम्ही हे मला आधी एकट्याला सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं."

ते उठून नदीच्या बाजूला गेले. त्यांना माझा राग आला होता आणि त्याला कारण होतं. मुलांनी मुद्दाम फसवलं असं मला वाटलं नाही. पण मला काय वाटलं हे लिहायला मी आले नव्हते. संध्याकाळी टिपण लिहून मी मॅडमना पाठवलं: यंत्राच्या रेषा, रांगेतला ठरलेला क्रम, माझे दहापैकी सात.

पाठवण्याआधी वैशाली आली होती. तिने विचारलं, "हे सगळं लिहिनार?"

"हो."

ती म्हणाली, "लिवा. खरंच हाय. डेअरीची रेघ न्हाई दिसली तर मला वाचता येतं का न्हाई, ते माझं मलाच ठावं न्हाई." मग थोड्या वेळाने, "परवा दिशी कळंल."

गुरुवार, रांजणगाव

सरांनी डेअरीच्या सगळ्या पट्ट्या कपाटात टाकून कुलूप लावलं. राग त्यांनी कामात घातला. सकाळी त्यांनी महाविद्यालयातल्या इतर शिक्षकांकडून वर्तमानपत्रातली वाक्यं बंद खोलीत वाचून घेतली होती. महाविद्यालयाची शाई अजून आलेली नव्हती, म्हणून छपाई रांजणगावला, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात. वाढदिवसाचे फलक छापणाऱ्या यंत्रातून त्या दिवशी वीस करडे पट्टे निघाले. दुकानदाराने दोनदा विचारलं की फोटो कुठे लावायचा.

बाहेर पहिली शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या, दुचाक्यांचे थवे, वडापावच्या गाड्यावर मराठीइतकीच हिंदी. वैशालीचा मामा तिथेच भेटला, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. चांगला, हसरा माणूस. त्याने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. पुण्यात चहा विचारून येतो, इथे माणूस थांबला की येतो. मग त्याने एक पट्टा उलगडून पाहिला.

"आयला, हा तर ईसीजी हाय. कुनाचा?"

"आवाजाचा हाय मामा."

"वाच मग. काय म्हन्तोय?"

वैशालीने पट्टा धरला. एक मिनिट गेलं, दोन गेली. चहा निवला. "पहिलं अक्षर 'स' हाय," ती म्हणाली. "पुढचं न्हाई दिसत अजून."

मामा माझ्याकडे वळला. "ताई, सुपरवायझरला म्या सोमवार सांगितलाय. तेवढं लिवा तुमच्या वहीत." त्याच्या बोलण्यात टोमणा होता तशी काळजीही होती. वैशाली पट्टा गुंडाळत राहिली.

शिरूरला परतल्यावर वर्गातली पाच मुलं नव्या पट्ट्या वाचू शकली नाहीत. किरणने वाचल्या, भरभर, आणि बहुतेक चुकीच्या. एखाद-दोन आवाज पकडायचे आणि उरलेलं वाक्य अर्थाने भरून काढायचं, ही त्याची रीत. त्याची वाक्यं ऐकायला अस्सल होती. एकदा त्याने 'नदीच्या पुलावर वाहतूक बंद' असं वाचलं. मूळ वाक्य कबड्डीच्या सामन्याचं होतं.

वैशाली वर्गाच्या मागे गेली. जाड काळा कागद घेऊन तिने त्यात बोटभर रुंदीची खिडकी कापली. तो कागद पट्टीवर ठेवला, तो उजव्या टोकाला. आणि ती शेवटापासून मागे वाचत आली, एका वेळी एक आवाज, अक्षरं उलट्या क्रमाने वहीत मांडत.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"सरळ वाचलं की वाक्य डोक्यात तयार होतंया सर. उलटं वाचलं तर होत न्हाई."

माझ्या वर्तमानपत्रात जुने मुद्रितशोधक मथळे असेच उजवीकडून वाचत, चूक सुटू नये म्हणून. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. सरांनी सांगितलं असेल का, हे मी त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले. मी दुसऱ्या दोन मुलांनाही वेगवेगळं विचारलं, तीही नाही म्हणाली.

एका पट्टीला तिला पन्नास मिनिटं लागली. तेवीस आवाजांपैकी चौदा बरोबर आले, पाच चुकले आणि चार जागा तिने कोऱ्या सोडल्या. किरण जाता जाता म्हणाला, "वैशे, या स्पीडनं पेशंट बरा हून घरी जाईल."

शुक्रवार, दौंड

दौंड हे रेल्वेचं गाव आहे. बोलणाऱ्या माणसाला इथे दर काही मिनिटांनी थांबावं लागतं, मालगाडी जाईपर्यंत. स्टेशनाजवळच्या खानावळीत भीमेतला मासा तळून मिळाला, वर तिखट इतकं की मासा कोणता ते विचारावं लागलं. विचारलं, 'चिलापी' असं उत्तर आलं.

शिबिर एका जुन्या सभागृहात होतं. जोगळेकर मॅडमनी माझं टिपण वाचलं होतं. सरांनी महिन्यापूर्वी परीक्षेसाठी म्हणून पाठवलेल्या पट्ट्या त्यांनी बाजूला ठेवल्या होत्या आणि स्वतःच्या पाच आणल्या होत्या, सीलबंद पाकिटात. पाकीट माझ्यासमोर फोडलं. सर तोवर बाहेर होते. मी दारातून दोनदा पाहिलं, ते टपरीवर चहाचा ग्लास धरून उभे होते, पीत नव्हते.

सहा मुलं, दोन तास. पहिल्या दोन पट्ट्यांत धडधाकट माणसांची वाक्यं होती, पुढच्या तीन विभागातल्या रुग्णांच्या. मुलांना हे सांगितलेलं नव्हतं.

किरण चाळीस मिनिटांत उठला. पाचही पट्ट्यांखाली पूर्ण वाक्यं होती. बाकीचे दीड तासाने. वैशाली शेवटपर्यंत बसली. काळा कागद उजवीकडून डावीकडे सरकत होता. वेळ संपली तेव्हा तिची चौथी पट्टी अर्धी राहिली होती.

मॅडमनी उत्तरं तपासली आणि मुलांना समोर बसवलं. वैशालीच्या कागदावर पहिल्या दोन वाक्यांत भोकं होती. तिसरीखाली जे होतं त्याला कोणत्याच भाषेत अर्थ नव्हता: 'ता तोतो मला दाता दा'. चौथी निम्मी कोरी. मला तिच्या मामाचा सोमवार आठवला.

"तिसरीचा अर्थ काय?" मॅडमनी विचारलं.

"अर्थ न्हाई लागत मॅडम. जे हाय ते लिवलंय."

किरणने तिथे 'काका, तो मला जाताना द्या' असं काहीतरी वाक्य जुळवलं होतं. मॅडमनी संगणकावर तिसरा आवाज लावला. एक वयस्क माणूस, सावकाश, जड जिभेने: ता तोतो मला दाता ता. मी तीनदा ऐकलं. वैशालीच्या कागदावर होतं तेच, एक आवाज सोडून.

"किरण, तुझं वाक्य याच्या फाइलमध्ये गेलं असतं," मॅडम म्हणाल्या, "तर मी त्याच्या जिभेचा व्यायाम चुकीचा दिला असता."

किरणने टोपी काढून हातात घेतली. "मला वाटलं, त्याला तसंच म्हनायचं आसंल."

"वाटलं, ते दिसतंय."

मग त्यांनी पाचवी पट्टी पुढे ओढली. सहापैकी चौघांनी तिच्याखाली काही ना काही लिहिलं होतं. किरणचं होतं, 'पाणी देता का जरा'. एकाने जागा कोरी ठेवली होती. वैशालीने चौथी अर्ध्यावर सोडून पाचवी आधी पूर्ण केली होती. तिने लिहिलं होतं: 'पंखा आहे. श्वास आहे. लोखंडाचं काहीतरी हललं आहे. बोलणं नाही.'

तिला काय दिसलं, हे मॅडमनी विचारलं. तिने पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. तळाशी सारख्या अंतरावरच्या रेषा, त्या फिरणाऱ्या यंत्राच्या. मधे पुसट धुकं, ते श्वासाचं. एका जागी छोटा तिरपा फराटा. "स्वराचे पट्टे कुठंच न्हाईत. चीर न्हाई, धूर न्हाई. दोनदा बघितलं."

तिला हे आधी कुणी सुचवलं असेल का, याचा मी विचार केला. पाकीट माझ्या समोर उघडलं होतं, पट्टी मॅडमखेरीज कुणी पाहिली नव्हती. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी 'नाही' अशी मान हलवली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे गृहस्थ आमच्याकडे बरेच दिवस आहेत. त्या दिवशी वीस मिनिटं त्यांचे ओठ हलत होते. लोखंडाचं म्हणतेस ती खाट. आवाज नाही निघाला. त्यांची बायको शेजारी बसलेली असते. तिचं म्हणणं, त्यांनी तिला नावानं हाक मारली. ती पुन्हा पुन्हा विचारते, मशीनमध्ये आली का हाक."

मालगाडी जात होती. सगळे थांबले.

ती गेल्यावर वैशालीने विचारलं, "मग हाक न्हाई, हे त्यांना सांगितलंय?"

"नाही."

"कोन सांगनार?"

मॅडमनी उत्तरपत्रिका एकत्र केल्या आणि वैशालीची सर्वांत वर ठेवली. "सोमवारी त्या बाई पुन्हा विचारायला येणार आहेत," त्या म्हणाल्या. "तू नऊला पोच."

निवड झाली हे सर्वांच्या लक्षात यायला क्षणभर गेला. सर आत आले होते, ते खुर्चीवर बसले. किरणने टाळी वाजवायला हात उचलले आणि वैशालीकडे बघून खाली घेतले. ती हसली नव्हती. तिने मॅडमना पाचवी पट्टी परत मागितली, काळा कागद तिच्यावर ठेवला आणि पुन्हा उजव्या टोकापासून बघायला लागली. एखादं अक्षर तरी राहून गेलं असेल, असं म्हणाली.

कुणी तिला उठवलं नाही. शिबिर आवरलं गेलं, खुर्च्या रचून ठेवल्या, सतरंजी गुंडाळली. पाऊण तासाने तिने काळा कागद बाजूला केला आणि 'नाही' अशी मान हलवली.